मदत हवी आहे: गेम म्युझिकचा रीमिक्स, ताशा मागे पडत जातोय (रविवारच्या आत हवंय)

सुटलेली_सम
लोकहो अर्जंट आहे. एका जुन्या गेमच्या म्युझिकचा रीमिक्स करतोय. टेम्पो सॉफ्टवेअरनेच काढून दिला तोच ठेवलाय, त्यावर ढोल ताशा वेगळे रेकॉर्ड करून टाकलेत, पहिल्या आवर्तनाला एकदम कडक बसतंय पण जसजसं पुढे जातं तसतसा ताशा मागे पडत जातो आणि शेवटी शेवटी तर दोन मंडळं एकाच गल्लीत समोरासमोर आल्यासारखा गोंधळ. क्वांटाइझ (ठोके सॉफ्टवेअरच्या मात्रांच्या ग्रिडवर ओढून बसवणं) करून झालं, कापून सरकवून झालं, पुढच्या आवर्तनाला पुन्हा तेच. ग्रुपची स्पर्धा आहे, रविवारी रात्री बारापर्यंत फाइल द्यायचीय. 'आधी बेसिक शिकून ये' टाइप सल्ले कृपया नकोत.

बोरीवली_फास्ट
कुठला गेम, कुठलं सॉफ्टवेअर, ओरिजिनल कुठून उचललं, यातलं एकही सांगितलेलं नाही. आम्ही काय कुंडली मांडायची का?

लूपवाला
एफएल स्टुडिओ घे. एकदा पैसे भरले की पुढचे सगळे अपडेट फुकट. असले प्रॉब्लेम येतच नाहीत त्यात.

सुटलेली_सम
गेम कॉन्ट्रा, पहिली लेव्हल, जंगलवाली. सॉफ्टवेअर रीपर, पण त्याने काय फरक पडतो. ओरिजिनल नेटवरून घेतलं, अजून कुठून घेणार.

लूपवाला
बघा, म्हटलं ना. रीपर.

मंद्रसप्तक
@लूपवाला रीपरचा काही संबंध नाही हो. आणि एफएलच्या ट्रायलमध्ये सेव्ह केलेला प्रोजेक्ट परत उघडत नाही हे पण सांगा त्याला, रविवारची डेडलाइन आहे म्हणतोय. रीपर ६० दिवस पूर्ण चालतं.

@सुटलेली_सम 'नेटवरून' म्हणजे नक्की काय? व्हिडिओतून ऑडिओ काढला, की एनएसएफ फाइल (गेममधून काढलेला म्युझिकचा प्रोग्राम) उतरवून वाजवली, की मिडी (नुसत्या स्वरांची नोंद)? आणि ताशा शेवटी किती मागे पडतो, सेकंदभर की त्याहून कमी?

बोरीवली_फास्ट
सॅम्पल रेटचा (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) घोळ आहे हा. ओरिजिनल ४४.१ किलोहर्ट्झचं आणि प्रोजेक्ट ४८ चा. दोन्ही एक कर, विषय संपला. माझ्या पॉडकास्टला सेम झालेलं.

मंद्रसप्तक
तसं असतं तर फरक ९ टक्क्यांच्या आसपास पडला असता आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वराने चढला असता. पहिली चार मात्रासुद्धा बसली नसती. हा म्हणतोय पहिलं आवर्तन कडक बसतंय. म्हणजे चूक बारीक आहे, साठत जाते आहे.

बोरीवली_फास्ट
ठीक आहे, पण एकदा चेक करायला काय जातंय.

माळ्यावरची_कॅसेट
कॉन्ट्रा!!! काय आठवण काढलीत. आमच्याकडे मामांनी आणलेला 'टीव्ही गेम' होता, कंपनीचं नाव आत एक आणि डब्यावर वेगळंच, आणि कॅसेटवर लिहिलेलं अमुक हजार गेम इन वन, प्रत्यक्षात तेच वीसेक गेम फिरून फिरून. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची. एक सांगू का, आता नेटवर कॉन्ट्राचं म्युझिक ऐकलं की फार पळवल्यासारखं वाटतं. आमच्या घरी ते चांगलं सावकाश वाजायचं. पोराला सांगितलं तर तो हसतो.

लूपवाला
काका वय झालं की सगळंच फास्ट वाटतं :)

टू_प्लेअर
रणगाड्यांचा गेम पण घे ना रीमिक्सला, बॅटल सिटी. कोणी करत नाही.

बोरीवली_फास्ट
करत नाहीत कारण खेळताना त्यात म्युझिकच नाही. सुरुवातीची धून वाजते, मग नुसता रणगाड्याचा आवाज.

सुटलेली_सम
कृपया विषयावर या. @मंद्रसप्तक ओरिजिनल एनएसएफ वाजवून वेव्ह फाइल केली, तिच्यावरून टेम्पो काढला, पूर्ण आकडा आला म्हणून आनंदाने ठेवला. मग ग्रुपमधला एक म्हणाला एनएसएफचा आवाज कोरडा वाटतो म्हणून एका व्हिडिओमधला ऑडिओ खाली टाकला. आता त्याच्यावरच बसवतोय. शेवटी फरक पाव सेकंद असेल, जरा जास्तच. ताशाला तेवढं भरपूर होतं.

मंद्रसप्तक
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर एव्हाना झोपला असतास.

ऐक. कॉन्ट्रा ज्यावर चालतो त्या निन्टेंडोच्या एनईएस मशीनमध्ये म्युझिकला स्वतंत्र घड्याळ नाही. बहुतेक गेममध्ये म्युझिकचा प्रोग्राम टीव्हीच्या दर फ्रेमला एकदा बोलावला जातो, आणि प्रत्येक स्वराची लांबी अमुक इतक्या फ्रेम अशीच ठरते. आता ६० हर्ट्झच्या कन्सोलवर सेकंदाला फ्रेम बरोबर ६० नसतात, ६०.०९८८ असतात. उदाहरणादाखल समज एक मात्रा २४ फ्रेमची आहे. ६० ने हिशेब केलास तर १५० बीपीएम (मिनिटाला मात्रा). खऱ्या मशीनवर येतो १५०.२५ च्या जवळ. पाव बीपीएम म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण तीन मिनिटांत ०.३ सेकंद जातात. तुझा पाव सेकंद तो हाच.

आणि एनएसएफ फाइलच्या हेडरमध्ये प्रोग्राम किती मायक्रोसेकंदांनी बोलवायचा तो आकडा लिहिलेला असतो. बऱ्याच फाइलींत तो १६६६६ असतो, म्हणजे सेकंदाला जवळपास ६०. खऱ्या मशीनसाठी १६६३९ हवा. म्हणून एनएसएफवरून काढलेला टेम्पो पूर्ण आकड्यात आला आणि व्हिडिओवर सरकला. क्वांटाइझने काही होणार नाही कारण ताशा ग्रिडवरच आहे, ग्रिडच चुकीच्या जागी आहे.

त्यातून काही एम्युलेटर (जुनं मशीन कॉम्प्युटरवर चालवणारी सॉफ्टवेअर) मॉनिटरच्या रिफ्रेशला जुळवून घ्यायला ऑडिओ किंचित ताणतात, त्यामुळे कोणाच्या व्हिडिओत नेमका किती टेम्पो असेल ते मोजल्याशिवाय कळत नाही.

सुटलेली_सम
बाप रे. बरं मग मोजू कसं? टेम्पो डिटेक्टर परत तोच आकडा देतोय.

मंद्रसप्तक
डिटेक्टर बंद कर. वेव्हमध्ये झूम करून पहिल्या समेचा ट्रान्झियंट (ठोका सुरू होतो ते टोक) पकड, मग शक्य तितक्या लांबच्या आवर्तनाची सम पकड, तीच, तशीच. मधल्या मात्रा मोज, ६० ने गुण, मधल्या सेकंदांनी भाग. जितकं लांब मोजशील तितकी चूक कमी. पॉइंटनंतरचे दोन-तीन आकडे आले तर येऊ देत, रीपर घेतं.

मग ताशा-ढोलचे ट्रॅक नव्या टेम्पोला जुन्याने भागून येईल त्या प्लेरेटने वाजव. प्रिझर्व्ह पिच (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणं) बंद ठेवलास तरी चालेल, सुरात ३ सेंटसुद्धा (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) फरक पडत नाही, उलट स्ट्रेचिंगने ताशाची काडी बोथट होते ती होणार नाही.

घाटपायथा
पण मुळात प्रश्न असा आहे की ओरिजिनल ऑडिओ खाली कशाला ठेवलाय? खाली गेमचा ऑडिओ आणि वर ढोल याला रीमिक्स म्हणत नाहीत, ते विसर्जनाला डीजेवाले करतात. ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स ही साइट १९९९ पासून चालू आहे, तिथे परीक्षकांचं पॅनल असतं, नुसता गेमचा ऑडिओ उचलून दिला की सरळ नो. मूळ चाल ओळखू आली पाहिजे पण मांडणी तुमची पाहिजे. स्वतः वाजव सगळं, मग कशाशी जुळवायचा प्रश्नच उरत नाही.

लूपवाला
विसर्जनाच्या डीजेला नावं ठेवायचं काम नाही. दहा हजार माणूस नाचवून दाखवा आधी परीक्षक पॅनलने.

घाटपायथा
त्याच साइटच्या लोकांनी कॅपकॉमच्या २००८ च्या स्ट्रीट फायटर एचडी रीमिक्सचं अख्खं म्युझिक केलं. सोनिक मेनियाचा संगीतकार टी लोपेस, तो पण आधी सोनिकचे रीमिक्स करून युट्यूबवर टाकणाराच. २०२२ ला ग्रॅमी मिळालं एट-बिट बिग बँडला, कर्बीच्या गेममधल्या म्युझिकच्या अरेंजमेंटला. हे सगळे अरेंजमेंट करणारे. खाली ऑडिओ चिकटवणारे नव्हेत.

सुटलेली_सम
अहो फायनलमध्ये ओरिजिनल ऑडिओ राहणार नाहीये! स्पर्धेत पण तोच नियम आहे. मेलडी मी हार्मोनियमवर आणि बेस सिंथवर वाजवतोय, खालचा ऑडिओ फक्त आधाराला. पण गेमप्लेचा व्हिडिओ बरोबर जाणार आहे, त्यात बॉस फुटतो तिथे ताशाचा ठेका तुटला पाहिजे असं बसवलंय म्हणून जुळायला हवं.

बोरीवली_फास्ट
आत्ता सांगतोय व्हिडिओ पण आहे. कुठला व्हिडिओ? तोच ज्याचा ऑडिओ घेतला?

सुटलेली_सम
नाही, तो वेगळा. व्हिडिओ दादाच्या जुन्या टीव्ही गेमवरून एव्ही केबल लावून मी स्वतः कॅप्चर केलाय, खरा खरखरीत लूक येतो. त्याच्यातलं म्युझिक फारच रेंगाळतं, मशीन खराब झालंय बहुतेक, म्हणूनच तर ऑडिओ दुसरीकडून घेतला.

मंद्रसप्तक
मशीन खराब नाही. @माळ्यावरची_कॅसेट तुमच्या पोराला हा धागा दाखवा.

आपल्याकडचा टीव्ही पाल पद्धतीचा, ५० हर्ट्झचा. आपल्याकडे आलेले टीव्ही गेम म्हणजे एनईएसचे क्लोन, नकला. त्यांच्यापैकी ज्यांच्यात ५० हर्ट्झची चिप होती त्यांच्यावर म्युझिकचा प्रोग्राम सेकंदाला ६० ऐवजी ५० वेळा चालायचा. म्हणजे वरच्या उदाहरणातली १५० ची लय थेट १२५ वर. गेमसुद्धा तेवढाच सावकाश. युरोपच्या अधिकृत मशीनवर सूरही अर्ध्या स्वराहून जास्त उतरायचा, पण या क्लोनमधल्या प्रोसेसरचं घड्याळ १.७७३ मेगाहर्ट्झ, ६० हर्ट्झवाल्याचं १.७९०, त्यामुळे सूर जेमतेम १६ सेंट खाली. पट्टी जवळपास तीच, लय मात्र सहावा हिस्सा कमी. म्हणून लहानपणीचं आठवतं ते 'सावकाश' असंच आठवतं, 'बेसूर' असं नाही.

मेसेन एम्युलेटरमध्ये रीजन 'डेंडी' करून बघा, डेंडी हा रशियातला तसलाच क्लोन, आणि अगदी माळ्यावरच्या कॅसेटसारखं वाजेल.

माळ्यावरची_कॅसेट
देवा!! इतकी वर्षं मला वाटायचं मीच म्हातारा झालो. आत्ता लावून ऐकलं. तेच. अगदी तेच. बायकोला बोलावून ऐकवलं, ती म्हणाली बरं.

लूपवाला
सॉरी काका. मी पण ऐकलं. आमच्याकडे पण हेच होतं की राव.

कलम_कसाई
एक कायदेशीर मुद्दा कोणी मांडलेला दिसत नाही. कॉपीराइट कायदा १९५७, २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ३१सी. कव्हर व्हर्जन करायचं तर मूळ रेकॉर्डिंग झालं ते वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं जावी लागतात, आधी नोटीस द्यावी लागते, रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. 'फॅनमेड आहे, पैसे कमवत नाही' असं खाली लिहिलं की सुटलो हा गोड गैरसमज आहे.

घाटपायथा
वकीलसाहेब, तो ताशा जुळवतोय.

कलम_कसाई
जुळवू दे की. जुळल्यावर अपलोड करणारच आहे ना.

टू_प्लेअर
हार्मोनियमसाठी कुठला माइक वापरलास? मला एक सुचवा कोणीतरी, बजेट पाच हजार, भजनीमंडळाचं रेकॉर्डिंग करायचंय.

सुटलेली_सम
टेम्पो मोजला, पॉइंटनंतर दोन आकडे आले, ताशा प्लेरेटने सरकवला, शेवटच्या आवर्तनापर्यंत सम सुटत नाहीये. @मंद्रसप्तक तुमचे पाय कुठे आहेत.

पण आता नवीन लोच्या. ताशावाल्या मित्राला ५० हर्ट्झवालं ऐकवलं तर तो म्हणतो हीच खरी चाल, याच्यावर ताशा खुलतो, फास्टवर नुसती तडतड होते. आणि व्हिडिओ पण त्याच स्पीडचा आहे म्हणजे बॉसची जागा आपोआप जुळेल. काय करू?

घाटपायथा
६० वाला कर. संगीतकारांनी जी लय डोक्यात ठेवून लिहिलं ती तीच. आपल्याकडे टीव्ही वेगळा होता म्हणून चाल बदलत नाही.

माळ्यावरची_कॅसेट
साफ असहमत. ऐकणारे आपण, आपल्या कानात जी बसली ती आपली चाल.

मंद्रसप्तक
स्पर्धेतले ऐकणारे कुठले आहेत त्यावर आहे. अमेरिका-जपानचे असतील तर त्यांना हे ढकलगाडी वाटेल. इथले असतील तर हळूवाला कर, पण मग ताशा ताणू नको. तेवढा ताणलास की काडीचा चिखल होतो. मित्राला उद्या परत बसव आणि नव्या क्लिकवर (मेट्रोनोमवर) नव्याने वाजवून घे. हार्मोनियम पण. आणि बेसला व्हॉल्यूमचे चढउतार देणार असशील तर जपून, मूळ चिपमधल्या ट्रँगल चॅनलला व्हॉल्यूम कंट्रोलच नाही, वाजतो नाहीतर थांबतो, त्या बेसचा ठसका त्यातच आहे.

सुटलेली_सम
हळूवालाच करतोय. मित्र उद्या सकाळी येतोय, शेजाऱ्यांना आत्ताच सांगून ठेवलं. फाइल गेली की लिंक टाकतो इथे.

टू_प्लेअर
माइकचं कोणीच सांगितलं नाही.

माळ्यावरची_कॅसेट
माळ्यावरून खोका काढला. मशीन आहे, कॅसेट आहे, एक रिमोट आहे, अडॅप्टर मात्र उंदरांनी खाल्लाय. कुठलाही ९ व्होल्टचा चालेल का?

बोरीवली_फास्ट
कुठलाही लावू नका काका. मशीनच्या खाली पिनेचं प्लस-मायनसचं चित्र असेल त्याचा फोटो टाका आधी. बऱ्याच जणांची पिन उलटी असते.