किल्ला उतरल्यावर बीपी १६८ : चढ वाईट, की मोजणं चुकतंय?

माचीवरून (सातारा)

रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाणाऱ्या गटासाठी एक पानी सूचना लिहायची आहे. वयं ४० ते ६५, जवळपास निम्मे लोक बीपीच्या गोळ्या घेणारे. खाली उतरल्या उतरल्या काहीजण स्कूटरच्या सीटवर बसून मनगटाच्या मशीनवर बीपी मोजतात. आकडा १६० ते १७० येतो, मग 'चढानं बीपी वाढतं' म्हणत घरी बसतात. दुसरीकडे 'महिनाभर चाललो, आता गोळी कशाला' म्हणणारेही आहेत. चढ चालेल का, बीपी कधी मोजावं, फरक किती पडतो आणि गोळीचं काय, एवढं जाणकारांनी सांगावं. जोर-बैठका आणि सूर्यनमस्कार घालणारेही गटात आहेत.

मोजपट्टी

आधी मोजण्याचं बघू, कारण निम्मा घोळ तिथंच आहे.

चढताना वरचा आकडा वाढणारच. पायाच्या स्नायूंना जास्त रक्त लागतं, हृदय जोरात रक्त ढकलतं; चांगल्या चढावर वरचं १८० झालं तरी त्यात नवल नाही. खालचा आकडा मात्र फारसा हलत नाही, कारण चालणाऱ्या स्नायूंतल्या रक्तवाहिन्या त्याच वेळी सैल होतात. थांबल्यावर थोड्या वेळात बीपी उतरतं आणि पुष्कळदा व्यायामाआधीच्या आकड्याच्याही खाली जातं. हा उतार काही तास, कधीकधी जवळजवळ दिवसभर टिकतो. म्हणजे सीटवर बसून घेतलेला १६८ हा व्यायामाचा परिणाम नव्हे, तो अजून न संपलेला व्यायाम आहे. त्यात मनगट मांडीवर, म्हणजे छातीच्या पातळीखाली. तेवढ्यानंच आकडा फुगतो. वर गप्पा चालू! नुसतं बोलण्यानंही वरचा आकडा दहाच्या आसपास चढतो.

रीत अशी: मशीन दंडाचं घ्या. सकाळी लघवी करून, चहा, तंबाखू, गोळी आणि चालणं या सगळ्याच्या आधी. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर, पट्टा उघड्या दंडावर, छातीच्या उंचीला. एका मिनिटाच्या अंतरानं दोन वेळा मोजा. संध्याकाळी पुन्हा तसंच. असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, उरलेल्या २४ नोंदींची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली तर ते बीपी वाढलेलंच धरायचं. दवाखान्यातल्या १४०/९० च्या तोडीचा हा आकडा आहे.

फरक किती? बीपी असलेल्या माणसाचं नियमित चालण्या-पळण्यानं वरचं साधारण ५ ते ८ नं उतरतं. ज्यांचं मुळात ठीक आहे त्यांचं दोन-चारनं. त्यामुळे १६० वाला नुसता चालून १३० वर येईल हा हिशेब जमत नाही. दोन-तीन महिने धरा, आणि सोडलं की काही आठवड्यांत आकडा परत जागेवर. गटातल्या 'फक्त रविवारी किल्ला' मंडळींना हे आवर्जून वाचून दाखवा.

कृष्णाकाठ (सांगली)

चढाला घाबरायचं कारण नाही, पण चढ हीच अट करू नका. आमच्याकडं सांगलीत चढ शोधूनही सापडत नाही, लोक आमराईत आणि घाटावर चालतात, त्यांचंही बीपी उतरतं. आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, एवढं भरलं पाहिजे. वेग किती? पूर्ण वाक्य बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. वाक्य तुटायला लागलं की चढावर पावलं आखूड करा. नव्या माणसाला पहिले दोन आठवडे सपाटीवर चालवा, मग अर्ध्या वाटेपर्यंत, मग वर.

गडबड होते ती थांबण्यात. वर पोचून दरवाजाशी एकदम उभं राहायचं आणि फोटो काढायचे, हे बंद करा. पायाच्या पोटऱ्या चालताना रक्त वर ढकलत असतात. त्या एकाएकी थांबल्या की रक्त पायात साठतं, बीपी झपकन पडतं आणि डोळ्यापुढं अंधारी येते. वर पोचल्यावर आणि खाली उतरल्यावर पाच ते दहा मिनिटं रमतगमत चालत राहा.

जोर-बैठकांबाबत: तालमीतल्या पोरांचं सोडा, पन्नाशीच्या बीपीवाल्यानं श्वास कोंडून जोर मारणं धोक्याचं. १९८५ साली कॅनडात काही शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून, पायानं जड वजन ढकलताना बीपी मोजलं होतं. सरासरी ३२०/२५० आली, एकाचं तर ४८०/३५० च्या वर गेलं. वजन प्रचंड होतं आणि श्वास कोंडला होता, दोन्हींचा तो परिणाम. उपाय सोपा: आकडे मोठ्यानं मोजत जोर काढा, तोंड चालू असलं की श्वास कोंडत नाही. उठताना श्वास बाहेर. सुरुवातीला भिंतीला किंवा ओट्याला हात टेकून १० ते १५, आठवड्यातून दोन दिवस.

सूर्यनमस्कार तर सातारा जिल्ह्याचेच, औंधच्या पंतप्रतिनिधींनी घरोघरी पोचवलेले. ते कोण सोडा म्हणेल! फक्त डोकं खाली जातं त्या स्थितीतून वर येताना घाई नको. बीपी १६० च्या वर रेंगाळत असेल तर ते आधी आटोक्यात आणा, तोवर चालणंच बरं.

गोळीचा डबा

वरचं सगळं बरोबर. औषधांचं राहिलं, ते जोडतो.

ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांची नाडी व्यायामातही फार चढत नाही. त्यांनी '२२० वजा वय' हे जास्तीत जास्त नाडी काढायचं सूत्र आणि घड्याळातला आकडा दोन्ही बाजूला ठेवावं. नाडी १३० करायच्या नादात माणूस दमून पडतो. त्यांच्यासाठी बोलण्याची कसोटीच खरी. लघवी वाढवणारी गोळी, म्हणजे क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड, असेल तर एप्रिल-मेमध्ये पाण्याची बाटली हवीच. चक्कर येण्याचा एक चोर वेगळाच असतो: प्रोस्टेटसाठी दिलेली गोळी. ती रक्तवाहिन्या सैल करते, त्यात व्यायामानंतरचा उतार मिसळला की उभं राहताना तोल जातो. गटात साठीचे लोक आहेत, तेव्हा हे एकदा विचाराच.

गोळी स्वतःहून बंद करायची नाही, हे पानावर ठळक लिहा. आकडा गोळी आणि चालणं या दोघांनी मिळून खाली आणलेला असतो. एक काढलं की उरलेल्याचा जोर पुरेलच असं नाही. ॲटेनोलॉलसारखी गोळी तर एकदम तोडली की नाडी आणि बीपी उसळतात, छातीत दुखू शकतं. सात दिवसांच्या सरासरीची वही डॉक्टरांपुढं ठेवा. वारंवार चक्कर येत असेल किंवा वरचं सतत ११० च्या खाली राहत असेल तर मात्र पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा.

बसून शांतपणे दोनदा मोजूनही १८०/११० किंवा वर असेल तर त्या दिवशी किल्ला नाही, डॉक्टर. सोबत छातीत दाब, धाप, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं यातलं काही असेल तर १०८.

आणि हो, खाली उतरून मिसळ आणि वर शेव-फरसाण, हा गटाचा नेम असेल तर त्यावरही एक ओळ लिहा. दिवसाचं सगळं मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, लोणचं-पापडासकट.

माचीवरून

नोंद केली. मिसळीची ओळ सगळ्यात खाली बारीक अक्षरात टाकतो. दोन शंका: ज्यांचे गुडघे चढाला साथ देत नाहीत त्यांनी काय करावं? आणि एकाच मशीनवर जाड दंडाच्या माणसाचं नेहमी जास्तच का येतं?

कृष्णाकाठ (सांगली)

गुडघ्यांसाठी सपाटीवर चालणं किंवा सायकल. गुडघे थोडं सोसत असतील तर भिंतीला पाठ टेकून, खुर्चीवर बसल्यासारखं थांबायचं: दोन मिनिटं थांबा, दोन मिनिटं आराम, असे चार फेरे, आठवड्यातून तीन दिवस. एकूण १४ मिनिटं. २०२३ मध्ये २७० चाचण्या एकत्र करून पाहिल्या, त्यात अशा स्थिर व्यायामांनी वरचं सरासरी ८ नं उतरलेलं दिसलं. फार खाली बसू नका. मांड्या जमिनीला समांतर नेल्या तर दुसऱ्याच फेऱ्यात पाय थरथरतात आणि नकळत श्वास कोंडला जातो. चौथा फेरा जड वाटावा पण बोलता यावं, एवढंच खाली बसा. पाठ घसरू नये म्हणून पायात रबरी तळाचे बूट.

मोजपट्टी

पट्टा लहान पडतोय. साधा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. शिवणकामाच्या टेपनं खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये घेर मोजा. ३२ च्या वर गेला तर मोठा पट्टा वेगळा मिळतो, तो मागवा. मशीन तेच चालतं, फक्त पट्टा त्याच कंपनीचा घ्या, नाहीतर नळीचं तोंड बसत नाही.