मदत हवी आहे: बीटा-टीसीपीचे दाणे १२ आठवड्यांनंतरही एक्स-रेवर ठळक दिसताहेत

नमस्कार. रुग्ण ६१ वर्षांच्या बाई. टिबियल प्लॅटो (नडगीच्या हाडाचा गुडघ्यातला वरचा सपाट भाग) बाहेरच्या बाजूने खचला होता. सांध्याचा पृष्ठभाग उचलून खालच्या पोकळीत बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचे (बीटा-टीसीपी, हाडाच्या जागी भरायचं सिरॅमिक) २ ते ३ मिमीचे दाणे भरले, वर लॉकिंग प्लेट (स्क्रू जिच्यातच घट्ट बसतात अशी धातूची पट्टी). १२ आठवड्यांच्या एक्स-रे फिल्मवर दाणे पांढरेशुभ्र आहेत. कॅल्शियम सल्फेट हा दुसरा भराव एवढ्या काळात दिसेनासं होतं. मग हे विरघळत नाहीये का? पूर्ण वजन द्यायला सांगावं का?

प्रतिसाद १

कॅल्शियम सल्फेटशी तुलना करू नका, दोन्हींची जाण्याची रीतच वेगळी आहे. सल्फेट, म्हणजे आपलं प्लास्टर ऑफ पॅरिस, शरीरातल्या द्रवात नुसतं विरघळतं. बहुधा ४ ते १२ आठवड्यांत संपतं, मग तिथे हाड तयार झालेलं असो वा नसो. जखमेतून पाणी झिरपतं तेही त्याच्याच बाबतीत जास्त.

बीटा-टीसीपी साध्या ७.४ पीएचला फारसं विरघळत नाही. ऑस्टिओक्लास्ट (हाड खाणाऱ्या पेशी) दाण्याला चिकटतात, आपल्याखालची जागा बंदिस्त करून तिथे आम्ल सोडतात, पीएच ४.५ च्या आसपास उतरतो आणि तेवढाच थर जातो. मागोमाग ऑस्टिओब्लास्ट (हाड बांधणाऱ्या पेशी) तिथे नवं हाड घालतात. या अदलाबदलीला ६ महिने ते २ वर्षं लागतात. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट (आणखी एक कॅल्शियम फॉस्फेट भराव) तर वर्षानुवर्षं राहतं.

पेशी आणि रक्तवाहिन्या आत शिरायला छिद्रं किमान १०० मायक्रॉनची, शक्यतो ३०० च्या आसपासची आणि एकमेकांना जोडलेली हवीत. बंद छिद्रांचा काही उपयोग नाही. म्हणूनच दाणे ठोकून भरायचे नसतात. चुरा झाला की छिद्रं बुजतात, आणि बारीक कण मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या पेशी) गिळू लागले की सूज लांबते. रक्तात किंवा मज्जारसात भिजवून, हाडाच्या भिंतीला सगळीकडून टेकतील इतपतच दाबावेत. भिंतीपाशी फट राहिली तर तिथे तंतुमय ऊती भरते. हे दाणे हाडाला वाढायला फक्त आधार देतात, हाड स्वतः निर्माण करत नाहीत.

प्रतिसाद २

पांढरेपणा मोजू नका, कडा बघा. छिद्रांत हाड भरतं तेव्हा तो भाग काही काळ उलट जास्तच दाट दिसतो. शस्त्रक्रियेनंतरची पहिली फिल्म आणि आजची, दोन्ही एकाच कोनातल्या, शेजारी ठेवा. मूळ हाडाला लागून असलेल्या दाण्यांच्या कडा धूसर होऊन त्यातून ट्रॅबेक्युलांच्या (हाडातल्या जाळीच्या) रेषा जाताना दिसल्या तर काम चालू आहे. मध्यभाग सगळ्यात शेवटी बदलतो.

काळजी कशाची करायची? दाण्यांच्या ढिगाभोवती सलग काळी रेघ, स्क्रूभोवती पोकळ वलय, किंवा पहिल्या फिल्मपेक्षा सांधा २ मिमीहून जास्त खाली बसणं. शंका असेल तर धातूची छाया कमी करणाऱ्या पद्धतीने सीटी काढा. वेदना आणि सीआरपी (रक्तातला सूज दाखवणारा घटक) दोन्ही वाढत असतील तर आधी संसर्ग शोधा.

वजनाचा निर्णय दाण्यांवरून घेऊच नये. सच्छिद्र सिरॅमिक दाब थोडाफार सोसतं, पण वाकवलं-पिळलं की तडकतं. भार प्लेटवर आणि जुळलेल्या हाडावर असतो. फ्रॅक्चरची रेघ भरलेली, पृष्ठभाग जागेवर, दाबल्यावर दुखत नाही, एवढं जमलं तर टप्प्याटप्प्याने वाढवा.

बाईंना ऑस्टिओपोरोसिसची (हाडं ठिसूळ होण्यावरची) काही औषधं चालू आहेत का?

धागाकर्ता

हो, अ‍ॅलेन्ड्रोनेट, आठवड्याला ७० मिग्रॅ. सांधा खाली बसलेला नाही, काळी रेघही नाही. आतल्या बाजूच्या कडा किंचित पुसट वाटतात.

प्रतिसाद २

मग कारण समोरच आहे. अ‍ॅलेन्ड्रोनेट ऑस्टिओक्लास्टनाच आवरतं, त्यामुळे दाणे आणखी रेंगाळतील. पण हाड त्यांच्यावर आणि त्यांच्या छिद्रांत तरीही बसतं. पांढरी छाया जावी एवढ्यासाठी औषध बंद करू नका; या वयात दुसरं फ्रॅक्चर टाळणं जास्त महत्त्वाचं. ड जीवनसत्त्वाची पातळी तपासा, तंबाखू-मिश्री असेल तर थांबवायला सांगा. पुढची फिल्म ६ महिन्यांना, त्याच कोनात.