शाळा सोडण्याआधी नेमकं कुठे अडतंय ते शोधा

सातवीतली मुलगी गणितात आणि वाचनात मागे पडलीय, म्हणून तिला शाळेतून काढून ऑनलाइन घरीच शिकवायचं आणि रोज सहा तास बसवायचं, असं तुम्ही म्हणता. सहा तास नकोत. शाळेच्या दिवसातला बराच वेळ हजेरी, वर्ग बदलणं, वाट पाहणं यातच जातो. एकासएक शिकवताना अडीच-तीन तास भरपूर होतात, तेही २०-२५ मिनिटांच्या तुकड्यांत.

दाखला काढण्याआधी घरशिक्षणाचे तुमच्याकडचे नियम पाहा आणि नवा प्रवेश लेखी हातात घ्या. नाहीतर मधल्या दिवसांत मूल कागदोपत्री गैरहजर ठरू शकतं. डोळे आणि कान तपासून घ्या. वाचताना अक्षरं अडत असतील तर डिस्लेक्सियाची (अक्षरं-शब्द ओळखून वाचणं कठीण जाण्याची अडचण) चाचणीही करा, कारण तशी अडचण असेल तर स्क्रीनवर तोच मजकूर वाचून काहीच सुटत नाही.

सातवीचा अभ्यासक्रम लगेच लावू नका. चौथी-पाचवीच्या अपूर्णांकांपासून तपासत वर या. जिथे दहापैकी निदान आठ उत्तरं बरोबर येत नाहीत, तिथून सुरुवात. इथे महिना गेला तरी चालेल, खरंच.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो ऑनलाइन धड्यांमधल्या प्रश्नमंजूषेत. मुलं पर्याय दाबत राहतात, गुण मिळतात, समजलेलं काही नसतं. म्हणून व्हिडिओ थांबवून उदाहरण वहीत सोडवायला लावा आणि पायऱ्या तोंडी विचारा. पहिले काही महिने कुणीतरी मोठं माणूस शेजारी हवंच. ते जमणार नसेल, तर इतक्यात शाळा सोडवू नका.