'पीटी', 'स्मूद', 'फिनिश' : सिंगल माल्टचं वर्णन मराठीत कसं करावं?

प्रश्न

सिंगल माल्ट व्हिस्कीच्या चार बाटल्या समोर ठेवून बसायचा बेत आहे : ग्लेनफिडिक 12, टॅलिस्कर 10, कुल ईला 12 आणि लागावूलिन 16. मंडळी सगळी मराठी. निम्म्यांनी आजवर ब्लेंडेडच घेतली आहे, तीही सोड्यातून. प्रत्येक बाटलीपुढे मराठीत एक चिठ्ठी ठेवावी म्हणतो. इंग्रजी वर्णनं हाताशी आहेत, पण 'पीटी', 'स्मूद' आणि 'फिनिश' या तीन शब्दांशी गाडी अडते. 'नोज'ला 'नाक' लिहिलं तर लोक हसतील. आणि 'सिंगल'ला 'एकल' चालेल का?

पुण्याहून

'एकल' नको. एकच पिंप, एकच धान्य, बिनमिसळीची, असा ज्याला जो हवा तो अर्थ त्यातून निघेल. इथला 'सिंगल' डिस्टिलरीला लागू आहे. माल्ट म्हणजे मोड आणून सुकवलेले जव, दुसरं धान्य नाही, पॉट स्टिल या तांब्याच्या भांड्यात काढलेली आणि सगळी एकाच डिस्टिलरीतली. बाटलीत मात्र अनेक पिंपांतली व्हिस्की एकत्र केलेली असते. एकाच पिंपातली असेल तर 'सिंगल कास्क' असं वेगळं छापतात.

या शब्दावरून स्कॉटलंडमध्येही रण माजलं होतं. कार्डू या सिंगल माल्टला मागणी वाढली आणि माल पुरेना, तेव्हा 2003 मध्ये मालक कंपनीनं तिच्यात दुसऱ्या डिस्टिलऱ्यांचं माल्ट मिसळायला घेतलं. बाटली जवळपास तीच ठेवली, फक्त 'सिंगल'च्या जागी 'प्युअर' आलं. बाकीचे उत्पादक असे खवळले की कंपनीला माघार घ्यावी लागली. 2009 च्या नियमांनी 'प्युअर माल्ट' हद्दपारच केलं, अशा मिश्रणाला आता 'ब्लेंडेड माल्ट' म्हणतात. इतकं भांडून पक्का झालेला शब्द आपण कशाला बदलायचा? 'सिंगल माल्ट' तसंच ठेवा, खाली बारीक अक्षरात 'एकाच डिस्टिलरीतली' लिहा.

गोव्याहून

डिस्टिलरीला सरकारी कागदावर 'आसवनी' म्हणतात, बोलताना कुणीच नाही. बोलण्यातला शब्द भट्टी. आमच्याकडे काजूच्या बोंडांचा रस आंबवून भाटीवर चढवतात. पहिल्या धारेला उर्राक, तीच पुन्हा काढली की फेणी. स्कॉटलंडमध्येही बहुतेक ठिकाणी तांब्याच्या भांड्यांत दोनदाच काढतात, म्हणजे अर्थाच्या दृष्टीनं 'भट्टी' चपखल आहे. पण घाटावरच्या माणसाला भट्टी म्हटलं की हातभट्टीच आठवणार, तेव्हा लागावूलिनपुढे लिहू नका.

'कास्क'ला मात्र पिंपच म्हणा. लोकांना पिंप म्हणजे पाण्याचं निळं प्लास्टिकचं वाटतं, तरी शब्द आला पोर्तुगीज 'पिपा'वरून, आणि तो मुळात दारूच्या लाकडी पिंपाचाच. पोर्ट वाइनच्या लांबट पिंपाला व्हिस्कीवाले आजही 'पोर्ट पाइप' म्हणतात. घरचाच शब्द आहे.

ग्लासगोहून

'पीटी'बद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण 'पीटी म्हणजे धुरकट' हे अर्धंच खरं आहे.

पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचून अर्धवट कुजलेलं शेवाळ, गवत आणि झुडपं. कोळशाच्या वाटेवरचा पहिला टप्पा म्हणा. मोड आलेले जव सुकवताना पीट जाळला की धुरातली फिनॉलं, म्हणजे वासाची रसायनं, दाण्यांना चिकटतात आणि तो वास शेवटपर्यंत टिकतो. बाटल्यांबद्दल बोलताना लोक 35 पीपीएम (दहा लाखांत 35 भाग), 55 पीपीएम असे आकडे फेकतात, ते सहसा सुकवलेल्या जवातल्या फिनॉलांचे असतात, पेल्यातल्या व्हिस्कीचे नव्हेत. पेल्यापर्यंत पोचतात ती त्याहून पुष्कळ कमी.

तुमच्या चौकडीत याचा सुंदर पुरावा आहे. कुल ईला आणि लागावूलिन दोन्ही आयला बेटावरच्या. (हो, उच्चार तसाच आहे, त्यामुळे मराठी माणसाला हे बेट एकदा ऐकलं की विसरता येत नाही.) दोघींसाठी माल्ट पोर्ट एलनच्या एकाच माल्टिंगमधून, म्हणजे माल्ट बनवण्याच्या कारखान्यातून येतं आणि पीटचं प्रमाणही जवळपास सारखंच, 35 पीपीएमच्या आसपास. तरी चवीत केवढा फरक! कुल ईलाची भांडी उंच आणि कमी भरलेली, त्यामुळे वाफेला तांब्याचा सहवास जास्त मिळतो आणि जडपणा मागे राहतो. ती हलकी, लिंबाच्या सालीसारखी, मागे थंड राखेचा वास. लागावूलिन दाट, गोडसर आणि खोल.

आता शब्द. चुलीवर तापवलेल्या दुधाला धूर लागला की ते 'धुरकटलं' म्हणतात. हा शब्द वासाचा आणि चवीचाही आहे, पण त्यात तक्रार आहे. कुल ईलाला मी तरीही 'धुरकट'च लिहीन, कारण तिथे धूर उघडा लागतो. लागावूलिनला 'खरपूस' लिहा. खरपूसमध्ये धूर आहे, भाजल्याची गोडी आहे आणि तक्रार नाही. 'करपट' कुठेच नको, ती ढेकर आहे. यादीत लफ्रॉइग असती तर 'औषधी' लागलं असतं : आयोडीन, बँडेज, दवाखान्याचा कॉरिडॉर. टॅलिस्कर आयलाची नाही, स्काय बेटावरची. तिच्यात धूर मध्यम, जोडीला खारेपणा आणि शेवटी मिऱ्याचा झटका. ग्लेनफिडिक स्पेसाइडची. तिच्या 12 मध्ये पीटचा वास नाही, पेअरसारखा फळांचा आहे. त्या चिठ्ठीवर धुराचा उल्लेखच नको.

पुण्याहून

'खरपूस' मान्य. पण 'पीट' शब्द चिठ्ठीवर राहू द्या. धूर लाकडाचाही असतो, हा नाही.

नाशिकहून

'स्मूद'चं काय? आमच्याकडे बाटली आवडली की एवढंच म्हणतात, 'एकदम स्मूद आहे.'

ग्लासगोहून

म्हणजे घशाला लागत नाही, एवढंच. ते चवीचं वर्णन नाही, त्रास झाला नाही याचं प्रशस्तिपत्र आहे. ग्लेनफिडिक 40 टक्क्यांची, टॅलिस्कर 45.8 ची. दुसरी जास्त लागणारच, त्यात तिचा दोष काय? 'सौम्य' लिहा नाहीतर काहीच नको. शेजारी साधं पाणी ठेवा. 2017 मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी संगणकावर रेणूंचं वर्तन तपासलं : पाणी घातल्यावर धुरकट वासाचा ग्वायकॉल द्रवाच्या पृष्ठभागाजवळ येतो. थेंब-दोन थेंब पाण्यानं वास खुलतो असं इथले जुने लोक म्हणतातच.

नागपूरहून

'फिनिश'साठी आयुर्वेदातला 'अनुरस' घ्या की! मुख्य रसानंतर, शेवटी जाणवणारी अस्फुट चव. शब्द तयार आहे, सुंदर आहे, कुणी वापरत नाही.

पुण्याहून

सुंदर आहे, पण तो दुसऱ्या चवीबद्दल बोलतो. फिनिशमध्ये आधी वेळ मोजतात, चव किती रेंगाळली ते. 'दीर्घ अनुरस' असं लिहिलं तर बैठकीतला पहिला माणूस वैद्यांचा पत्ता विचारेल. साधं क्रियापद वापरा : 'धूर बराच वेळ रेंगाळतो', 'मिरी पटकन उतरते'. आणि बाटलीवर 'शेरी कास्क फिनिश' असेल तर ते फिनिश वेगळं बरं का. तिथे मुरलेली व्हिस्की शेवटचे काही महिने किंवा वर्षं दुसऱ्या पिंपात ठेवलेली असते.

नागपूरहून

वैद्यांवर ढकलू नका. पण 'रेंगाळते' चांगलं आहे. 'नोज'ला 'हुंगताना' लिहा. हुंगणं फक्त कुत्र्यांनी करायचं असं ज्यांना वाटतं त्यांनी 'वास' वाचावं.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. 'सौम्य' ग्लेनफिडिकला दिलं, 'स्मूद' काढून टाकलं. लागावूलिनची चिठ्ठी अशी झाली, बघा :

'सिंगल माल्ट, एकाच डिस्टिलरीतली, आयला बेट. 16 वर्षं जुनी. 43 टक्के. हुंगताना : खरपूस धूर, सुकामेवा, थोडं आयोडीन. जिभेवर : दाट, गोडसर, मग पीटचा धूर. शेवटी : धूर बराच वेळ रेंगाळतो.'

गोव्याहून

'16 वर्षं जुनी' बदला. कपाटात दहा वर्षं पडून राहिली तर ती 26 ची होत नाही, बाटलीत व्हिस्कीचं वय वाढतच नाही. आणि आकडा असतो तो आतल्या सगळ्यांत तरुण व्हिस्कीचा. 'किमान 16 वर्षं पिंपात मुरलेली' लिहा. स्कॉटलंडच्या गारव्यात पिंपातून वर्षाला साधारण दोनच टक्के उडून जाते, म्हणून तिथे 16 वर्षं मुरवणं परवडतं. आमच्या कुंकळ्ळीत पॉल जॉन ही व्हिस्की मुरवतात, तिथल्या उष्म्यात हे प्रमाण कितीतरी पटींनी जास्त, म्हणून इथल्या बाटल्यांवर सोळाचा आकडा शोधू नका.

नाशिकहून

आणि सोडा?

प्रश्नकर्ता

आहे. आतल्या खोलीत ठेवलाय, मागितला तरच.