मदत हवी आहे: मॉरिशसमध्ये समुद्र सोडून काय काय बघता येईल?

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत सहा दिवस मॉरिशसला जायचं घाटतंय. मी, नवरा, चौदा वर्षांचा मुलगा आणि बहात्तर वर्षांची आई. तारखा पक्क्या नाहीत, तिकिटं काढायची आहेत. टूरवाल्याने जो कार्यक्रम पाठवला त्यात पहिल्या दिवशी कॅटामरान, दुसऱ्या दिवशी पाण्याखाली चालणं, तिसऱ्या दिवशी पॅरासेलिंग, चौथ्या दिवशी पुन्हा बोट. आईने तो कागद वाचून विचारलं, "तिथे माणसं राहतात की नुसते मासे?"

खरं तर आईला तिथे जायचं एक वेगळं कारण आहे. तिच्या आजोबांचे एक काका रत्नागिरीजवळच्या गावातून "मोरसला" गेले आणि परत आलेच नाहीत, अशी घरात कथा आहे. लहानपणी तिला मोरस साखर माहीत होती. मोरस म्हणजे मॉरिशस, हे तिला लग्नानंतर कळलं. तेव्हापासून हे डोक्यात आहे.

तर प्रश्न असे:

१. इतिहास आणि लोकजीवन दिसेल अशा ठिकाणांना सहापैकी किती दिवस द्यावेत? कुठली चुकवू नयेत?
२. आईचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर चालते, चढ जमत नाही.
३. मुलाला संग्रहालय म्हटलं की झोप येते. त्याला जागं ठेवेल असं काही?
४. त्या हरवलेल्या काकांचा तपास लागू शकतो का, की हा वेडेपणा आहे?

हॉटेल उत्तर किनाऱ्यावर घ्यायचा विचार आहे. आगाऊ धन्यवाद.

---

भटक्या_खारवी

वेडेपणा अजिबात नाही, पण चौथ्या प्रश्नाकडे शेवटी येतो.

राजधानी पोर्ट लुईला एक पूर्ण दिवस द्या आणि सुरुवात आप्रवासी घाटापासून करा. करारावर आणलेल्या मजुरांना ठेवण्यासाठी १८४९ मध्ये इथे डेपो बांधला. १८३४ ते १९२० या काळात साडेचार लाखांहून अधिक माणसं या बेटावर उतरली, बहुतेक हिंदुस्थानातली. महिना पाच रुपये आणि पाच वर्षांचा करार. पूर्वी याला कुली घाट म्हणत, १९८७ मध्ये नाव बदललं. २००६ पासून जागतिक वारसा आहे.

आधीच सांगतो, जागा दिसायला छोटी आहे. बराच भाग नंतरच्या रस्त्यांखाली गेला. उरल्यात दगडी भिंती, काही खोल्यांचे अवशेष आणि धक्क्यावरून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. घाईत पाहिलंत तर वीस मिनिटांत "एवढंच?" म्हणून बाहेर पडाल. म्हणून आधी शेजारचं माहिती केंद्र बघा आणि मग पायऱ्यांपाशी जा. मी उलट केलं आणि पुन्हा आत जावं लागलं.

तिथून जवळच गुलामगिरीवरचं नवं संग्रहालय आहे, २०२३ मध्ये उघडलेलं, फ्रेंच काळातल्या लष्करी इस्पितळाच्या इमारतीत. दोन्ही एकाच दिवशी बघा. ऊस आधी गुलामांनी कापला, गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा मळेवाल्यांना नवे हात हवे होते, आणि ते आपल्याकडून गेले. दोन्ही इमारती पाठोपाठ पाहिल्या की हे सांगायला गाईड लागत नाही. सगळं सपाटावर आहे, आईंना जमेल. फक्त सकाळी लवकर जा, दुपारी पोर्ट लुई तापतं. आणि रविवारी जाऊ नका.

---

साखरांबा

मुलासाठी दोन गोष्टी.

पोर्ट लुईच्याच कोदाँ वॉटरफ्रंटवर ब्लू पेनी म्युझियम आहे. १८४७ ची जगप्रसिद्ध तिकिटं तिथे आहेत, तांबडं एक पेनीचं आणि निळं दोन पेन्सचं. अस्सल तिकिटांवरचा दिवा तासातून थोडीच मिनिटं लावतात, प्रकाशाने रंग उडू नये म्हणून. बाकी वेळ नकला बघायच्या. माझा भाचा त्या दिव्याची वाट बघत घड्याळ लावून उभा होता, एरवी तोही तुमच्या चिरंजीवांच्याच जातीतला.

दुसरं, माहेबूर. १८१० च्या ऑगस्टमध्ये ग्राँ पोर्टच्या उपसागरात फ्रेंचांनी इंग्रजांच्या आरमाराला हरवलं. नेपोलियनच्या काळातला हा एवढा एकच सागरी विजय पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलाय. मजा म्हणजे त्याच वर्षी डिसेंबरात इंग्रजांनी बेट घेतलंच. तिथल्या संग्रहालयात बुडालेल्या जहाजांतून काढलेल्या वस्तू आहेत. विमानतळ जवळ असल्याने हे परतीच्या दिवशी करा, उत्तरेतून मुद्दाम येऊ नका. तो दिवस सोमवार असेल तर गावचा बाजारही मिळेल.

---

रवाननाद

सेगा म्हणजे तिथला पारंपरिक नाच-गाणं. हॉटेलातला सेगा हा सेगा नव्हे, एवढंच सांगायला आलो. घोळदार झगे, स्पीकर आणि पाहुण्यांना ओढून नाचवणं, बास. खरा सेगा गुलामांचा. रवान नावाचा बकऱ्याच्या कातड्याचा डफ असतो, वाजवण्याआधी तो शेकोटीवर तापवून ताणून घेतात. जोडीला मरावान, म्हणजे दाणे भरलेली चपटी पेटी, आणि एक त्रिकोण. पाय जमिनीवरून फारसे उचलायचेच नाहीत. २०१४ मध्ये युनेस्कोने तो अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. गावातल्या लोकांना विचारा, "सेगा तिपिक (म्हणजे अस्सल, जुना सेगा) कुठे आहे?" शेकोटी दिसली तर थांबा, नाहीतर जेवून खोलीवर जा.

ल मोर्नही चुकवू नका. ५५६ मीटरचा कडा आहे, पळालेले गुलाम तिथे लपत. १८३५ मध्ये सुटकेची बातमी द्यायला शिपाई आले, ते धरायला आलेत असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. बापलेक वर चढू देत. आईंनी पायथ्याच्या स्मारकापाशी बसावं, तिथून कडा जास्त चांगला दिसतो. वर गेलं की तो दिसतच नाही.

---

भटक्या_खारवी

आता चौथा प्रश्न. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांची जुनी दप्तरं जपून ठेवली आहेत. नोंदीत नाव, बापाचं नाव, गाव, जिल्हा, वय, उंची, अंगावरच्या खुणा असं असतं. वाट वाकडी करून ऐनवेळी दारात उभं राहू नका, आधी लिहून वेळ मागा आणि पत्रात नातं स्पष्ट करा. तिथले लोक मुख्यतः त्या बेटावरच्या वंशजांसाठी हे काम करतात.

दोन अडचणी आहेत. एक, मुंबई बंदरातून गेलेली माणसं बहुतेक १८४० ते १८६० च्या दशकांतली. "आजोबांचे काका" त्या हिशेबात बसतात का बघा, कथेत एखादी पिढी गळाली असेल. दोन, आडनावावर शोधू नका. साहेबाच्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं, आणि पुढे पूर्वजाचं पहिलं नावच कित्येकांचं आडनाव झालं. गाव आणि बापाचं नाव हेच धागे. मुंबईकडून गेलेले कलकत्ता-मद्रासच्या मानाने फार थोडे, हा तुमचा फायदा.

तारखांबद्दल: जमलं तर गणेश चतुर्थीला जा. तिथे सार्वजनिक सुट्टी असते, आणि तीही विसर्जनासाठी बहुधा दुसऱ्या दिवशी! मराठी वंशाचे लोक झाकरी नाचतात, म्हणजे आपली कोकणातली जाखडी.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. गणपतीत घर सोडायचा विषय काढला तर आई माझंच विसर्जन करेल, त्यामुळे ते बाद. जाखडीचं वाचून दाखवल्यावर मात्र दोन मिनिटं गप्प बसली.

पिढीचा हिशेब मांडला. आजोबांचे काका बसत नाहीत, पणजोबांचे बसतात. गंगा तलावला महादेवाची मोठी मूर्ती आहे असं वाचलं, त्याला अर्धा दिवस पुरेल ना?

---

साखरांबा

हो, आरामात. मूर्ती ३३ मीटरची आहे, गाडी जवळपर्यंत जाते. उंचावर असल्याने धुकं, पाऊस असतो, आईंना स्वेटर द्या. आणि २ नोव्हेंबर प्रवासात बसवता आला तर बघा. १८३४ मध्ये त्याच तारखेला पहिल्या ३६ मजुरांचं जहाज लागलं होतं, म्हणून राष्ट्रीय सुट्टी असते. आप्रवासी घाटावर सकाळी सरकारी कार्यक्रम असतो, बाकी कामं मात्र त्या दिवशी होणार नाहीत.

---

धागाकर्ती

म्हणजे ३१ ला पोचून ५ ला परत, मोका २ सोडून इतर दिवशी. एक बोट ठेवलीय, मुलाच्या हट्टाखातर. बाकीचा टूरवाल्याचा कागद परत पाठवला.

संस्थेला पत्र लिहायला घेतलंय. आईने वहीच्या पानावर नाव, बापाचं नाव आणि गाव लिहून दिलं. तालुका राजापूर की लांजा, यावर तिचं आणि मामाचं काल रात्री अकरापर्यंत फोनवर भांडण झालं. ते मिटलं की पाठवते.