मदत हवी आहे: फ्लोअरबॉलमध्ये तीन संघ बरोबरीत आले तर?

शाळेत फ्लोअरबॉलची (हॉलमध्ये काठी आणि हलक्या चेंडूने खेळतात तो हॉकीसारखा खेळ) छोटी स्पर्धा घेतोय. संघ आठ, दिवस दोन, हॉल एकच. पुरुषांच्या जागतिक स्पर्धेची पद्धत वापरायची आहे. २०१८ ला प्रागमध्ये १६ संघ, चार गट होते. अ आणि ब या तगड्या गटांतले पहिले दोन थेट उपांत्यपूर्व फेरीत, तिसरे-चौथे मात्र क-ड मधल्या पहिल्या दोघांशी आधी खेळणार. मला हे फार आवडलं, दुबळ्या संघाला उगाच वीस-वीस गोल खावे लागत नाहीत.

सरावात एक घोळ झाला. एकाच गटात चार संघ होते. त्यांतल्या अ संघाने ब संघाला हरवलं, ब ने क ला, क ने अ ला. चौथा संघ तिघांकडून हरला. तिघांचे गुण सारखे! खेळाची नियमपुस्तिका वाचली, पण त्यात मैदानावरचेच नियम दिसले. एका ओळखीच्या हॉकी पंचांनी "गोलफरक बघा" (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) म्हणून सांगितलं, पण ते हॉकीचं झालं. जादा सामन्याला वेळ नाही, आणि चिठ्ठी टाकली तर पालक मला सोडणार नाहीत.

जागतिक स्पर्धेत अशा वेळी आधी फक्त त्या तिघांतल्या सामन्यांचा गोलफरक धरतात, की चौथ्याविरुद्धचे गोलही मोजतात?