तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी कौटुंबिक निसर्ग-उपक्रम : पालकांना काय काम द्यावे?

झाडीकाठ यांचा प्रश्न

आमची संस्था एका सार्वजनिक उद्यानाला लागून असलेल्या झाडीत, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना घरच्या मोठ्या माणसांसह निसर्गाची ओळख व्हावी म्हणून, नियमित उपक्रम सुरू करणार आहे. काही प्रायोगिक सत्रे झाली आणि त्यांत मुलांपेक्षा मोठ्यांचाच प्रश्न अवघड असल्याचे दिसले. काही पालक मूल आमच्या स्वाधीन करून बाकावर बसतात आणि मोबाइल उघडतात. काही जण प्रत्येक पानाचे नाव सांगत मुलाला पुढे ढकलत राहतात. दोन्ही प्रकारांत मूल कुठेही फार वेळ रमत नाही. त्यातच विश्वस्तांना उपक्रमाचे फलित मोजून हवे आहे. ‘मुलाला ठरावीक झाडांची व पक्ष्यांची नावे यावीत’ असा निकष त्यांनी सुचवला आहे. तो मला पटत नाही, पण त्याऐवजी काय ठेवावे हेही सांगता येत नाही. सत्राची लांबी, पालकांचे काम आणि फलित पाहण्याची पद्धत यांविषयी जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

पाऊलवाट यांचा प्रतिसाद

माझे मत थोडे टोकाचे वाटेल, पण बरीच वर्षे अशी सत्रे घेतल्यानंतर ते पक्के झाले आहे : या वयोगटाचा कौटुंबिक उपक्रम मुलांसाठी नव्हे, तर त्यांच्याबरोबर आलेल्या मोठ्या माणसासाठी आखावा. मूल तुमच्याकडे महिन्यातून एक-दोनदा येणार. उरलेले सगळे दिवस ते ज्याचे बोट धरून चालणार आहे त्या माणसाला वाटेत थांबणे जमू लागले, तर तुम्ही नसतानाही उपक्रम चालू राहतो. मुलांना थांबायला शिकवावे लागत नाही. ती दर चार पावलांवर थांबतातच, आणि ‘चल, उशीर होतोय’ हे वाक्य नेमके तेव्हाच उच्चारले जाते.

म्हणून पहिल्या सत्राच्या आरंभी, मुले सहकाऱ्यांबरोबर इकडेतिकडे करीत असताना, पालकांशी पाच मिनिटे स्वतंत्रपणे बोला. कुठे थांबायचे ते मूल ठरवील आणि मुलाने काही विचारले तर लगेच उत्तर न देता आधी त्याच्या उंचीइतके खाली बसायचे, एवढे सांगितले तरी पुरे. खाली बसलेला माणूस व्याख्यान देत नाही आणि त्याला मोबाइलही सोयीचा पडत नाही, हा त्यातला व्यावहारिक भाग.

दुसरे असे की पालकाला हातांनी करायचे खरे काम द्यावे. पडलेला ओंडका उलटून पाहणे हे माझे आवडते काम आहे. सत्रापूर्वी संयोजकाने पाहून ठेवलेलाच ओंडका घ्यावा, त्याखाली बोटे न घालता पलीकडची कड काठीने उचलून तो आपल्या दिशेने कलता करावा, म्हणजे खाली एखादा जीव दडलेला असेल तर त्याला विरुद्ध बाजूने निघून जाता येते आणि ओंडक्याचा आडोसाही राहतो. मूल पालकाच्या मागे उभे असते. खाली गांडूळ सापडले तर हात ओले करूनच त्याला स्पर्श करावा, कारण ते ओलसर त्वचेतून श्वास घेते आणि त्वचा कोरडी पडली की मरते. पाहून झाल्यावर ओंडका होता तसाच हलकेच ठेवावा; खालच्या जिवांसाठी तो छप्पर आहे, हे मुलांना एकदा सांगितले की पुढच्या वेळी तीच मोठ्यांना आठवण करून देतात.

मुंग्यांच्या रांगेवरही बराच वेळ घालवता येतो. अनेक जातींच्या मुंग्या अन्नापर्यंतचा मार्ग गंधाने आखतात. रांगेतली थोडी जागा ओल्या पानाने पुसली, की मुंग्या तिथे येऊन थबकतात, मागे फिरतात, आजूबाजूला चाचपडतात आणि काही वेळाने वाट पुन्हा जुळते. (बोटाऐवजी पान, कारण चावणाऱ्या मुंग्या कमी नाहीत.) इथे पालकाने गंधाची गोष्ट लगेच सांगून टाकू नये, ‘त्या का थांबल्या असतील?’ एवढेच विचारून गप्प राहावे. ‘रस्ता ओला झाला’, ‘त्यांना भीती वाटली’ अशी उत्तरे येतील, ती येऊ द्यावीत. रस्ता ओला झाला म्हणणाऱ्या मुलाला कोरड्या पानाने पुसून पाहू द्यावे. चार-पाच वर्षांच्या मुलासाठी प्रयोग म्हणतात तो हाच.

सत्र एक तासाचे, फार तर सव्वा तासाचे असावे. त्यातली पहिली पंधरा-वीस मिनिटे काहीही न ठरवता मोकळी सोडावीत, मग एकच विषय घ्यावा, आणि गोल बसून बोलायचे तर ते पाच मिनिटांपलीकडे नेऊ नये. जागा मात्र बदलू नये. नवीन जागी मूल धावते. ओळखीच्या जागी गेल्या वेळेपेक्षा काय वेगळे आहे हे त्याला दिसू लागते, आणि ऋतू नावाची गोष्ट समजण्याचा या वयात दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही. साधनांवर खर्च करायचा असेल तर दुर्बिणी घेऊ नका. हातात धरायचे भिंगही तीन वर्षांच्या मुलाला नीट अंतरावर धरता येत नाही. झाकणातच भिंग बसवलेली पारदर्शक डबी बरी पडते.

मोकळे अंगण यांचा प्रतिसाद

पाऊलवाट यांच्याशी बराचसा सहमत आहे, तरी ओंडका, मुंग्या, विषय, गोल बसणे हे सगळे अजूनही मोठ्यांनी आखलेलेच वाटते. सायमन निकल्सन या ब्रिटिश कलाकाराने 1971 मध्ये ‘सुट्या वस्तूं’चा विचार मांडला : जे हलवता, जोडता, मोडता आणि पुन्हा रचता येते, ते जितके अधिक, तितकी कल्पकतेला वाव अधिक. काटक्या, खडे, बिया, चिखल आणि पाणी यांपेक्षा सुट्या वस्तू कोणत्या? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आपल्याकडे बालशिक्षणाची साधने पाने, बिया, शंख-शिंपले यांतून उभी केली, ती केवळ पैसे वाचावेत म्हणून नव्हे. त्यामुळे छापील रंगकामाचे कागद तुमच्या योजनेत असतील तर ते आधी काढून टाका. झाडाखाली बसून झाडाचे चित्र रंगवणारे मूल पाहिले की मला त्या कार्यक्रमाची कीव येते.

बालवर्ग-शिक्षिका यांचा प्रतिसाद

मूळ प्रश्नातल्या विश्वस्तांबद्दल लिहिते, कारण तो भाग सहज बाजूला पडतो आणि अनेक चांगले उपक्रम तिथेच बिघडतात.

नावांना माझा विरोध नाही. मुलांना नावे आवडतात, पण ती अनुभवाच्या मागून यावीत. आधी साल खरखरीत आहे की गुळगुळीत, पान लवदार आहे की चिकट, चुरगळल्यावर वास येतो का, हे मुलाने आपल्या शब्दांत सांगावे. मग दिलेले नाव टिकते. विश्वस्तांपुढे निकष ठेवायचाच असेल तर पुढील नोंदी ठेवता येतील : मूल एका गोष्टीपाशी किती वेळ रमले, मागच्या सत्रातल्या जागी ते स्वतःहून परत गेले का, वर्णन करताना कोणते शब्द वापरले, आणि मुलाने बोट दाखवल्यावर पालक त्या दिशेने पाहतात का. या सर्वांपेक्षा मला पुढची नोंद महत्त्वाची वाटते : दोन सत्रांच्या मधल्या काळात कुटुंब आपण होऊन झाडीत येऊन गेले का. पालकांना येताना एका ओळीत तेवढे लिहायला सांगितले तरी सहा महिन्यांत पुरेशी माहिती जमते.

विश्वस्तांना आधार हवा असेल तर परंपरा मोठी आहे. फ्रीड्रिख फ्र्योबेल यांनी 1837 मध्ये जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे बालशिक्षणाची संस्था काढली, 1840 मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले, आणि तिथल्या मुलांना बागेत लहान लहान वाफे दिले जात. स्वीडनमध्ये 1957 पासून ‘स्कूगस्मुल्ले’ नावाच्या, जंगलातून येणाऱ्या काल्पनिक पात्राच्या आधारे बालवयातील मुलांना निसर्गात नेले जाते. अलीकडचे संशोधन हवे असेल तर फिनलंडमधल्या दहा पाळणाघरांतील तीन ते पाच वर्षांच्या 75 मुलांचा 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास दाखवा. काही पाळणाघरांच्या अंगणांत जंगलातली माती आणि गवताची हिरवळ आणून बसवली, आणि 28 दिवसांत तिथल्या मुलांच्या त्वचेवरील सूक्ष्मजीवांची विविधता वाढली. रोगप्रतिकाराच्या नियमनाशी संबंधित रक्तातील काही घटकांतही बदल दिसला. अभ्यास लहान आहे, तेव्हा त्यावरून ‘आमच्या सत्रांनी मुले आजारी पडणार नाहीत’ असे माहितीपत्रकात छापू नका. मुलांनी माती हाताळल्याने काय होईल, या काळजीला उत्तर देण्यापुरते ते पुरेसे आहे.

एक विषय मात्र या वयात टाळा. नष्ट होणारी जंगले, मरणारे प्राणी, तापणारी पृथ्वी हे सारे खरे असले, तरी ज्या गोष्टीशी अजून मैत्रीही झालेली नाही तिच्या विनाशाची बातमी चार वर्षांच्या मुलाला देऊन भीतीखेरीज काही साधत नाही. डेव्हिड सोबेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी 1990च्या दशकात हाच इशारा दिला होता. पालकांपैकी कुणी तरी हा विषय काढतोच. त्याला सत्र संपल्यावर बाजूला भेटावे.

झाडीकाठ

सर्वांचे आभार. नोंदींची पद्धत विश्वस्तांपुढे ठेवणार आहे. दोन शंका उरल्या. काही मुले माती किंवा ओल्या पानाला हातच लावत नाहीत, तेव्हा पालक आग्रह धरतात. आणि सुरक्षिततेची किमान तयारी कोणती असावी?

एक पालक यांचा प्रतिसाद

माझा मुलगा अशाच मुलांपैकी आहे. ओला स्पर्श त्याला खरोखर सहन होत नाही. तो लाड नाही. त्याला लांब काठी, चमचा किंवा डबी दिली की तो सगळ्यांच्या आधी चिखलाजवळ जाऊन बसतो. स्पर्शाच्या ऐवजी ऐकण्याचे काम देणेही उपयोगी पडते : डोळे मिटून ऐकू आलेल्या प्रत्येक आवाजासाठी एक बोट मुडपायचे. आग्रह धरणाऱ्या पालकाला संयोजकाने सर्वांसमोर टोकू नये. त्याच्या मुलाच्या हाती चमचा द्यावा, तेवढ्याने तो समजतो.

पाऊलवाट यांचा प्रतिसाद

सुरक्षिततेबाबत मी धोका आणि जोखीम यांत फरक करतो. मुलाला जी दिसते आणि जिचा अंदाज ते बांधू शकते, उदाहरणार्थ बुटका ओंडका चढणे किंवा निसरड्या उतारावरून बसत बसत येणे, ती जोखीम; पालकाने हाताच्या अंतरावर उभे राहावे आणि ‘पडशील’ असे ओरडण्याऐवजी ‘आता पाय कुठे ठेवशील?’ असे विचारावे. जे मुलाला दिसूच शकत नाही, म्हणजे डोक्यावरची वाळलेली फांदी, गांधीलमाशांचे पोळे, गवतातली काच, तो धोका. तो संयोजकाने त्याच दिवशी सकाळी फिरून शोधावा आणि दूर करावा, नाहीतर ती जागा दोरी बांधून वगळावी.

नोंदणी करतानाच दमा, कीटकदंशाची किंवा अन्य ॲलर्जी आणि चालू औषधे विचारून घ्यावीत. केसाळ सुरवंटांना हात लावायचा नाही आणि झाडीतले काहीही तोंडात घालायचे नाही, हे नियम सांगताना कारणही सांगावे : सुरवंटाचे केस त्वचेत रुततात आणि खाज सुटते. सत्र संपल्यावर साबण-पाण्याने हात धुण्याची सोय असलीच पाहिजे, कारण मातीने माखलेल्या हातांवर सॅनिटायझरचा पुरेसा उपयोग होत नाही. मुलांना काही घरी न्यायचे असेल तर फक्त गळून पडलेले, तेही एका खिशात मावेल इतकेच, आणि जिवंत काही नाही. संरक्षित क्षेत्रात तेवढ्यालाही परवानगी नसते, तेव्हा तुमची झाडी कुणाच्या अखत्यारीत येते हे आधी तपासा.

हलक्या पावसात सत्र रद्द करू नका, कपडे बदलून आणायला सांगा. जोराचा वारा किंवा विजांचा गडगडाट असेल तर मात्र ते रद्दच करावे, आणि तो निर्णय कोण घेणार व पालकांना किती आधी कळवणार, हे पहिल्या सत्रापूर्वी लेखी ठरवून ठेवावे.